किनवटहून प्राध्यापकीकडे: अर्थशास्त्राची वाट

किनवटला बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलेल्या मुलाला किंवा मुलीला घरी, गावात, एसटी स्टँडवर एकच प्रश्न विचारला जातो: हे शिकून पुढं काय? उत्तरंही ठरलेली असतात. पोलीस भरती, तलाठी, बँक, फार तर एमपीएससी. प्राध्यापक व्हायचंय म्हणणारं एखादंच निघतं, आणि त्यालाही वाट माहीत असते ती ऐकीव. कोणती परीक्षा, किती वर्षं, मधल्या काळात पोट कशावर भरायचं आणि मुख्य म्हणजे प्राध्यापक झाल्यावर नेमकं करायचं काय, हे सलगपणे सांगणारं कुणी भेटत नाही. हे प्रकरण त्या एखाद्यासाठी आहे.

आधी गावाविषयी, कारण माझं म्हणणं गावाशीच बांधलेलं आहे. अर्थशास्त्राला लागणारा ऐवज किनवट तालुक्यात भरपूर आहे. पैनगंगेच्या काठचा, सागवानाच्या जंगलाचा हा मुलूख. गोंड, कोलाम, आंध, प्रधान आणि बंजारा वस्ती. कापूस, सोयाबीन, तूर ही पिकं. उन्हाळ्यात तेंदूपत्ता आणि मोहफुलं. तालुक्यातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात मोडतात आणि आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय किनवटलाच आहे. हद्दीपलीकडं तेलंगणातलं आदिलाबाद. १९५६ पर्यंत किनवट हा हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्याचाच तालुका होता. राज्य पुनर्रचनेत तो तोडून नांदेडला जोडला गेला. आजही बाजाराच्या दिवशी मराठी, तेलुगू, गोंडी आणि गोरमाटी एकाच वेळी कानावर पडते. जमीन कुणाच्या नावावर, जंगलावर हक्क कुणाचा, कापसाचा भाव कोण ठरवतं, बँक आली तरी सावकार का टिकून आहे, ही अर्थशास्त्राच्या पुस्तकातली प्रकरणं इथं डोळ्यांसमोर घडत असतात. ऐवज आहे, तो विद्यापीठापर्यंत आणि तिथून पुढं घेऊन जाणारी माणसं कमी आहेत.

मराठवाड्यातून ही वाट चालून गेलेल्यांत अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांचा प्रवास मला सगळ्यात जास्त शिकवणारा वाटतो. जन्म १९४९चा, अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचा, दलित कुटुंबातला. पण शिक्षण मराठवाड्यात: पदवी औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातून, एम.ए. अर्थशास्त्र मराठवाडा विद्यापीठातून. या दोन संस्था त्या काळात तिथं होत्या, ही गोष्ट साधी समजू नये. १९५०च्या आधी मराठवाड्यात पदवीपर्यंत शिकण्याची सोय नव्हती. औरंगाबादला इंटरपर्यंत कॉलेज होतं. पुढं हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ गाठावं लागे आणि निजामी राजवटीत तिथलं माध्यम उर्दू होतं. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला महाविद्यालय काढलं, तेच पुढं मिलिंद झालं. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज उभं राहिलं. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आलं आणि १९९४ साली त्यातून नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळं झालं. आज किनवटच्या पोराच्या पदवीपत्रावर नांदेडच्या या विद्यापीठाचा शिक्का असतो.

मिलिंद काढणारे बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, हे अजूनही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळं १९१७ साली लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. १९१८च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवू लागले, पगारातून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत मिळाली आणि १९२०मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३चा. आधी थोडं शिकायचं, मग नोकरी करायची, पैसे साठवून पुन्हा शिकायला जायचं, ही तुटक वाट गरीब घरच्या अभ्यासकाची त्या वेळीही होती आणि आजही तीच आहे.

थोरात १९७३ साली औरंगाबादच्या वसंतराव नाईक महाविद्यालयात अधिव्याख्याता झाले. साल लक्षात घ्या. १९७२च्या दुष्काळानं महाराष्ट्र होरपळत होता, लाखो माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. दोनच वर्षांपूर्वी, १९७१मध्ये, पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ या दोन प्राध्यापकांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला होता. गरिबी मोजायची कशी हे त्यात होतंच, शिवाय सार्वजनिक कामांतून गरिबांना रोजगार द्यावा असा आग्रह होता. राज्यातले नेते वि. स. पागे यांच्या पुढाकारानं आकाराला आलेली रोजगार हमी १९७७ साली महाराष्ट्रात कायदा झाली. प्राध्यापकाचं लिखाण आणि रस्त्यावरची खडी यांच्यात अंतर किती कमी असू शकतं, हे त्या दशकानं दाखवलं.

सात वर्षं औरंगाबादला शिकवल्यावर, १९८० साली थोरात दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्राध्यापकवर्गात दाखल झाले. एम.फिल. आणि पीएच.डी.ही त्यांनी त्याच विद्यापीठातून केली. वॉर्सा इथं आर्थिक नियोजनाची पदविका घेतली. जेएनयूत त्यांचा विभाग प्रादेशिक विकासाच्या अभ्यासाचा. १९८९ ते १९९१ अमेरिकेतल्या आयोवा राज्य विद्यापीठात अभ्यागत म्हणून, आणि नंतर वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेसोबत काम. तिथं शेंगेन फान आणि पीटर हेझल यांच्याबरोबर त्यांनी केलेला अभ्यास १९९९ साली आला. प्रश्न सरळ होता: सरकार ग्रामीण भागात रस्ते, शेती संशोधन, सिंचन, शिक्षण, वीज अशा अनेक गोष्टींवर खर्च करतं; त्यातल्या कुठल्या रुपयानं गरिबी सगळ्यात जास्त हटते? १९७० ते १९९३ या काळातली राज्यवार आकडेवारी घेऊन त्यांनी हिशेब मांडला. गरिबी कमी करण्यात रस्ते पहिले आले, शेती संशोधन दुसरं. पावसाळ्यात ज्या पाड्याला बैलगाडीही पोहोचत नाही, तिथल्या माणसाला हे कुणी सांगायला नको. पण अर्थमंत्र्याला सांगायला लागतं, आणि ते आकड्यांत सांगायला लागतं. प्राध्यापक तिथं लागतो.

त्यांचं दुसरं काम मला अधिक धाडसाचं वाटतं. नोकरीच्या बाजारात जात बघितली जाते, असं सगळेच म्हणतात. पण सिद्ध कसं करायचं? थोरात आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी ऑक्टोबर २००५पासून ६६ आठवडे वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. अर्जदार खरे नव्हते. शिक्षण आणि पात्रता सारखी. फरक फक्त नावाचा. एक नाव उच्चजातीय हिंदू, एक दलित, एक मुस्लिम. मुलाखतीला बोलावणं कुणाला येतं ते मोजलं. उच्चजातीय नावाची शक्यता १ धरली तर त्याच पात्रतेच्या दलित नावाची ०.६७ आणि मुस्लिम नावाची ०.३३ भरली. हा लेख २००७ साली प्रसिद्ध झाला. नोकरीतला भेदभाव मुलाखतीच्या खोलीत शिरण्याआधीच, पाकिटावरच्या आडनावापाशी सुरू होतो, हे त्यानंतर कुणाला सहज नाकारता आलं नाही. असा प्रश्न सुचायला आधी आडनावाचा चटका माहीत असावा लागतो, असं मला वाटतं. तो चटका प्रयोगात बदलण्याची शिस्त मात्र एम.ए., पीएच.डी., परदेशातली वर्षं आणि अनेक अपुऱ्या मसुद्यांतून येते. दोन्ही लागतात. चटका असलेली आणि शिस्त नसलेली माणसं आपल्याकडं भाषणं करतात. शिस्त असलेली आणि चटका नसलेली माणसं कुणी न वाचणारे लेख लिहितात.

फेब्रुवारी २००६ ते फेब्रुवारी २०११ थोरात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. मधेच २००८ साली पद्मश्री मिळाली. नंतर ते भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे अध्यक्ष झाले. औरंगाबादच्या कॉलेजातला अधिव्याख्याता देशभरातल्या अधिव्याख्यात्यांचे नियम ठरवणाऱ्या खुर्चीत बसला, ही मराठवाड्यानं अभिमानानं सांगावी अशी गोष्ट आहे. त्यांच्याच कार्यकाळात २०१०ची नियमावली आली आणि तिच्यासोबत प्राध्यापकाच्या कामाला गुण देण्याची 'एपीआय' पद्धत. हेतू चांगला होता, बढती वशिल्यावर नको, कामावर हवी. घडलं असं की गुणांसाठी लेख, लेखांसाठी नियतकालिकं, आणि पैसे भरा-लेख छापा अशी दुकानं गल्लोगल्ली निघाली. २०१८च्या नियमांत आयोगाला ही पद्धत बदलावी लागली. प्रोत्साहन चुकीच्या मापाला बांधलं की माणसं माप गाठतात आणि काम राहून जातं, हा अर्थशास्त्राचाच धडा आहे.

आता आजची वाट. थोरातांना १९७३ साली एम.ए.वर नोकरी लागली. आज तसं होत नाही. अर्थशास्त्रात एम.ए. किमान ५५ टक्क्यांनी, राखीव प्रवर्गांना पाच टक्क्यांची सूट. त्यावर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. नेट देशपातळीवरची, वर्षातून दोनदा. सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि नांदेडला तिचं केंद्र असतं. दोन्हींचं रूप सारखंच: दोन पेपर, तीन तास, १५० प्रश्न, ३०० गुण, चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न सोडून येऊ नये. नेटमध्ये वरच्या गुणांत आलात तर कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, म्हणजे जेआरएफ, मिळते; २०२३पासून ती दरमहा ३७,००० रुपये आहे. गावाकडच्या मुलासाठी हा सगळ्यात मोठा आधार, कारण पीएच.डी.ची वर्षं घरच्यांच्या जिवावर काढावी लागत नाहीत. ती नाही मिळाली तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या शिष्यवृत्त्या, आदिवासी विद्यार्थ्यांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती ही दारं ठोठावावीत, आणि जाहिरातीच्या तारखा स्वतः बघाव्यात. दुसऱ्याच्या स्टेटसवर विसंबू नये.

जुलै २०२३पासून सहायक प्राध्यापक होण्यासाठी नेट किंवा सेट ही किमान अट ठरली आणि पीएच.डी. ऐच्छिक झाली. पण सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर पीएच.डी.ला पर्याय नाही. एम.फिल. २०२२च्या नियमांनी बंद झालं. पीएच.डी. किमान तीन वर्षं, सर्वसाधारणपणे सहा वर्षांच्या आत. गाइड मिळणं ही खरी अडचण, कारण एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगीला सहा आणि सहायकाला चारच विद्यार्थी घेता येतात. गाइड निवडताना त्यांचं नाव किती मोठं हे पाहण्याऐवजी, त्यांच्या हाताखालचे विद्यार्थी किती वर्षांत सुटले ते विचारावं. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं, आठवड्याला १६ तास शिकवावं लागतं; सहयोगी पदाचं मूळ वेतन १,३१,४०० आणि प्राध्यापकाचं १,४४,२०० रुपये. पायऱ्या चढायला, सगळं वेळेवर झालं तरी, दहा-पंधरा वर्षं जातात.

ही कागदावरची वाट. प्रत्यक्षात नेट आणि कायम नोकरी यांच्यामध्ये एक लांब बोळ आहे, त्याचं नाव तासिका तत्त्व. सगळे त्याला सीएचबी म्हणतात. जितके तास शिकवले तितक्यांचे पैसे; सुट्टीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत, आणि नेमणूक त्या शैक्षणिक वर्षापुरती. पदभरती वर्षानुवर्षं रखडल्यामुळं पीएच.डी. झालेली माणसं या बोळात पस्तिशी-चाळिशी गाठतात. सकाळी एका कॉलेजवर, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी शिकवणी. त्यांचं मानधन महिनोन्महिने थकलेलं असतं आणि त्यांच्याच शेजारच्या खोलीत तोच विषय शिकवणाऱ्याला कितीतरी पट पगार मिळतो. याबद्दल मला राग आहे आणि तो लपवण्याचं कारण नाही. समान कामाला समान दाम या विषयावरची प्रश्नपत्रिका काढणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यावर दिवाळीला पैसे नसतात, ही स्थिती राज्यानं चालवून घ्यावी हे लाजिरवाणं आहे. या बोळात शिरणाऱ्यानं तो किती लांब असू शकतो हे आधी माहीत करून घ्यावं, आणि त्या काळात हातात दुसरं एखादं कौशल्य ठेवावं.

ते कौशल्य कोणतं, याबद्दल माझं मत पक्कं आहे: संख्याशास्त्र. आपल्याकडं कला शाखेतून आलेल्या मुलाचा गणिताशी संबंध दहावीतच सुटलेला असतो, आणि मराठी माध्यमातून एम.ए. करताना तो पुन्हा जोडला जात नाही. गोखले इन्स्टिट्यूट, जेएनयू किंवा दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या दारात मुलगा अडतो तो इंग्रजीमुळं कमी, गणितामुळं जास्त. इंग्रजी वर्षभरात कामापुरतं येतं. कलनशास्त्र आणि प्रतीपगमन (रिग्रेशन) बी.ए.च्या पहिल्या वर्षापासून रोज तासभर घेऊन बसलं तर तीन वर्षांत येतं. आज 'आर' हे संगणक सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि राष्ट्रीय नमुना पाहणीची घराघरांची मूळ आकडेवारी केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. दांडेकरांच्या पिढीला छापील तक्त्यांवर भागवावं लागे. किनवटमधल्या मुलाला मूळ आकडेवारी लॅपटॉपवर मिळते.

पण उतरवलेली आकडेवारी कशी जन्मते हे न बघता वापरणारा कच्चा राहतो. त्यासाठी एकदा तरी हातात प्रश्नावली घेऊन घरोघरी जावं. 'तुमचं उत्पन्न किती?' असं विचारलं की समोरचा माणूस गप्प होतो किंवा रेशनकार्डावरचा आकडा सांगतो. तेच तोडून विचारायचं. कापूस किती एकर लावला, किती क्विंटल निघाला, खेडा खरेदीत दिला की बाजार समितीत नेला, कोणत्या भावानं, ओलाव्याच्या नावाखाली किती कापलं, हमाली-तोलाई कुणी भरली. कापूस महामंडळ ८ ते १२ टक्के ओलाव्याचा माल घेतं आणि आठच्या वर कपात करतं. खेडा खरेदीत मात्र व्यापाऱ्याचा हात हेच यंत्र. खर्चाचंही तसंच. राष्ट्रीय पाहणीत भाजीपाला गेल्या ७ दिवसांतला, धान्य ३० दिवसांतलं आणि कपडेलत्ते वर्षभरातले विचारतात, कारण माणूस काय किती दिवस लक्षात ठेवतो याचा अंदाज त्यामागं आहे. मोहफुलं वेचणाऱ्या बाईला महिन्याचा हिशेब विचारला तर ती सांगू शकणार नाही. हंगामाचा विचारला तर टोपल्यांत सांगेल. टोपलीचं वजन आपण करून घ्यायचं. भाषा गोंडी किंवा कोलामी असेल तर सोबत गावचाच माणूस हवा, आणि तो सावकाराचा नातेवाईक नाही ना, हेही बघून घ्यावं.

नंतर येते प्रबंधाच्या विषयाची निवड. विद्यापीठांत 'अमुक तालुक्यातील तमुक योजनेचा चिकित्सक अभ्यास' अशा शीर्षकाचे प्रबंध ढिगानं पडून आहेत. त्यांत तालुका असतो, प्रश्न नसतो. मराठवाड्याबद्दल प्रश्न कसा विचारावा याचा नमुना दांडेकरांनीच घालून दिला होता. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं १९८४च्या अहवालात रस्ते, सिंचन, शाळा अशा एकेका क्षेत्रात कुठला विभाग राज्याच्या सरासरीच्या किती मागं आहे हे मोजून अनुशेष काढला: राज्यभराचा सुमारे ३,१८७ कोटी, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी रुपये. मागासलेपणाची तक्रार त्या दिवसापासून रकमेत मांडता येऊ लागली आणि विभागवार विकास मंडळांच्या मागणीला बळ आलं.

किनवटकडं तर असा एक प्रश्न आहे, जो जगातल्या कुठल्याही विद्यापीठाच्या चर्चासत्रात मांडता येईल. अमेरिकेत १९९२ साली न्यू जर्सी राज्यानं किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियानं नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी हद्दीच्या दोन्ही बाजूंची चारशेहून थोडी अधिक उपाहारगृहं आधी आणि नंतर तपासली. वेतन वाढलं की नोकऱ्या जातात, हा पाठ्यपुस्तकी समज तिथं खरा ठरला नाही. कार्ड यांना २०२१ साली नोबेल मिळालं, ते अशाच कामासाठी. किनवट आणि आदिलाबाद यांच्यामधली १९५६ची रेघ तशीच आहे. माती काळी, पाऊस एक, पीक कापसाचं, सोयरीकही दोन्हीकडं. तेलंगणानं मे २०१८मध्ये रयतु बंधू सुरू केली: सुरुवातीला दर हंगामाला एकरी ४,००० रुपये, थेट जमीनमालकाला. म्हणजे पलीकडच्या पाच एकरवाल्याला तेव्हा वर्षाला ४०,०००. अलीकडच्या पाच एकरवाल्याला २०१९मध्ये पीएम-किसानचे ६,००० सुरू झाले आणि २०२३पासून राज्याच्या नमो योजनेचे आणखी ६,०००, तेही एकरामागं नाही, कुटुंबामागं. नांदेड जिल्ह्यातल्याच धर्माबाद भागातल्या गावांनी मध्यंतरी आम्हाला तेलंगणात घ्या अशी मागणी केली होती, ती अशाच तुलनेतून.

पण या पैशानं पलीकडं नक्की काय बदललं? सावकारी कर्ज कमी झालं, की लागवड वाढली, की जमिनीचा भाव? १ जानेवारी २०१८पासून तिकडं शेतीला चोवीस तास मोफत वीजही आली. मग फरक पैशाचा की विजेचा, हे वेगळं कसं काढायचं? कोरडवाहू आणि मोटारीची जमीन वेगवेगळी मोजून ते काढता येईल. आणि सगळ्यात नाजूक मुद्दा कूळ-बटईदारांचा. पैसा मालकाला मिळतो, राबणाऱ्याला नाही. मालकाला घरबसल्या एकरी रक्कम मिळू लागल्यावर त्यानं मक्ता उतरवला, तसाच ठेवला, की जमीन कसायला परत घेतली? त्यासाठी हद्दीच्या दोन्ही बाजूंची गावं जोडीनं निवडावी लागतील, आणि २०१७ साली एकरी मक्ता किती होता, २०१९ साली किती झाला, हे बटईदाराला आणि मालकाला वेगवेगळं बसवून विचारावं लागेल. हा दर सातबाऱ्यावर नसतो, कुठल्या सरकारी तक्त्यातही नसतो. मराठी, तेलुगू आणि गोंडी या तिन्ही भाषांत तो विचारू शकणारे तरुण किनवटच्या वर्गांत आज बसलेले आहेत.